रोज विझणारी धुनी

“पण होईल की नाही, बाबा? एवढंच सांगा. हो की नाही.”

राघूबाबा शेंगा सोलत होते. सोलता सोलता थांबले.

“काय होईल?”

“माणसाची वस्ती. मंगळावर. मी थट्टा करत नाही.”

“मी कुठं हसलो?” बाबा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग फोडली.

हसलो होतो मी. पाठमोरा होतो म्हणून खपलं. आमच्याकडं मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला तरी घरातल्यांची झोप उडते, आणि हा तिथं बिऱ्हाड करायला निघालेला.

मी म्हणजे कंडक्टर. नाव श्रीपती, पण एस.टी.त तेहेतीस वर्षं घंटी वाजवली, तेव्हा बाबांनी तेच नाव कायम केलं. बायको गेल्यावर मठात आलो. झाडलोट करतो, भाकरी थापतो, आणि बोलणाऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकतो. ही एकच वाईट सवय राहिली आहे.

आलेला माणूस होता पराग नेऊरगावकर. लहानपणी वडिलांचं बोट धरून दर उन्हाळ्यात मठात यायचा. बाबांच्या मांडीवर बसून चांदण्या मोजायचा आणि चुकलं की पहिल्यापासून मोजायचा. मग शिकला. इतका शिकला, की बावीस वर्षं इकडं फिरकला नाही. आता मंगळावर माणसं कशी राहतील याचा आराखडा करणाऱ्या संस्थेत मोठ्या खुर्चीवर होता.

त्यानं कागदाची गुंडाळी सोडली. कागद सारखा मिटत होता, म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या. शेंगदाण्यांची वाटी, माझा चिमटा, त्याचा फोन, आणि एक लखलखीत लायटर.

“सिगरेट ओढतोस?” मी विचारलं.

“नाही. पण माणसाजवळ आग असावी. कधी कशाची गरज पडेल, सांगता येत नाही.”

बाबांनी लायटरकडं पाहिलं.

“या बारा खोल्या,” पराग कागदावर बोट फिरवू लागला. “माणसं बारा. तिथली हवा श्वास घेण्याजोगी नाही, म्हणून हवा आम्ही करणार. जमिनीखाली बर्फ आहे, त्याचं पाणी करणार. मातीत विषारी क्षार आहेत. ती धुऊन घ्यायची, मग पीक.”

“जायला किती दिवस?”

“नऊ महिने धरा.”

“बाळंतपणाएवढे,” बाबा म्हणाले. “आणि इथून हाक मारली तर?”

“हाक पोचायला कधी चार मिनिटं, कधी वीस मिनिटं. उत्तर यायला पुन्हा तेवढीच.”

“संध्याकाळ कशी असते तिथं?”

पराग जरा थांबला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा.

“निळी. सूर्याभोवती निळसर उजेड असतो. दिवसभर आकाश तांबूस, आणि मावळताना निळं.”

“छान आहे,” बाबा म्हणाले. त्यांना खरंच आवडलं होतं. ते बराच वेळ त्या कागदावर मान वाकवून बसले.

“यात चूक काढा, बाबा. काढून दाखवा.” परागच्या आवाजात ताठा होता, पण ताठ्याखाली आणखी काहीतरी होतं. “एकेक खोली स्वतंत्र आहे. प्रत्येकीची हवा वेगळी, पाणी वेगळं, अन्न वेगळं, औषधं वेगळी. एक खोली फुटली तरी बाकीच्या अकरा शाबूत. कुणावाचून कुणाचं अडणार नाही.”

“कुणावाचून कुणाचं अडणार नाही,” बाबा पुटपुटले.

“हो. काहीच कमी पडणार नाही कुणाला.”

“मग विचारायला का आलास? आराखडा तर नीट आहे.”

परागनं फोन उचलला. कागदाचा तो कोपरा लगेच मिटला.

“एक माणूस गेला, बाबा. मंगळावर नाही, इथंच. मिठाच्या वाळवंटात आम्ही तशीच वस्ती उभारली होती. तालमीसाठी. आठ महिने आत राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. पाचव्या महिन्यात आमचा एक माणूस गेला. गिरिधर भोसेकर. हृदय बंद पडलं. तेव्हापासून काम थांबलंय. परवा समिती बसणार आहे. पुढं जायचं, की कायमचं बंद करायचं, हे मी सांगितल्यावर ठरणार. पंधरा वर्षं घातली आहेत मी यात.”

“मग काय सांगणार?”

“आणखी चाळीस यंत्रं बसवतो म्हणणार आहे. प्रत्येक खोलीत. नाडी मोजणारी, श्वास मोजणारी. पण...” तो थांबला. “झोप लागत नाही. म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्ही हो म्हणालात तर मी छातीठोक सांगेन.”

“गिरिधरच्या घरी कोण?”

“आई. एकटीच असते, चिपळूणला. तिची सगळी व्यवस्था संस्थेनं केली आहे. काही कमी पडू देणार नाही.”

“तू गेलास?”

“फोन केला होता.”

बाबांनी वाटीतले शेंगदाणे त्याच्या ओंजळीत ओतले. वाटी उचलली, तसा दुसरा कोपराही मिटला.

“खा. उन्हाचा आलास.”

*

दिवस मावळायला टेकला, तसे बाबा उठले. तांब्या घेतला आणि धुनीवर पाणी ओतलं. नेहमीसारखंच. चर्र झालं, धूर उठला, धुनी गार पडली.

पराग ताडकन उभा राहिला.

“हे काय केलंत?”

“विझवली.”

“बाबा, धुनी कधी विझू देतात का? माझे वडील सांगायचे, अमुक मठाची धुनी दोनशे वर्षं पेटती आहे, तमुक मठाची तीनशे. लहानपणी मला वाटायचं, इथली चुकून विझते.”

“चुकून नाही. रोज विझवतो.”

“आणि सकाळी?”

बाबा पाय धुवायला निघून गेले. म्हणजे सांगायचं माझ्यावर आलं. हे नेहमीचंच आहे, अवघड ते माझ्या गळ्यात.

म्हटलं, पराग, ऐक. टेकडीच्या पायथ्याला जी चौदा घरं दिसतात, ती नवं सावरघळ. जुनं सावरघळ धरणाच्या पाण्याखाली गेलं, शेजारचं उंबरघळही गेलं. दोन्हीकडची माणसं सरकारनं इथं माळावर आणून बसवली. तेव्हा चाळीस घरं होती. ओळीत बांधलेली, सारखी. दारात नळ, खांबावर दिवा, रस्ता, सगळं दिलं. आणि तीन वर्षांत सव्वीस घरांना कुलूप लागलं. कुणी मुंबई गाठली, कुणी मेहुण्याकडं गेलं. राहिलेले एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायचे. भांडणही नव्हतं बरं का. भांडण असतं तर बोलणं तरी झालं असतं.

बाबांचे गुरू तेव्हा होते. जुन्या मठाची धुनी दोनशे वर्षांची. ट्रकमध्ये खापर मांडीवर घेऊन त्यांनी ती इथवर जिवंत आणली होती. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी स्वतः तिच्यावर पाणी ओतलं. काडेपेटी होती ती विहिरीत टाकली. माणसं म्हणाली, म्हाताऱ्याला भ्रम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा खापर घेऊन पहिल्या घरी गेला. म्हणाला, मठात विस्तव नाही. दोन निखारे द्या.

“आणि?”

“आणि काय. दिले. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, तिसऱ्या दिवशी तिसरं. तेव्हापासून पाळी चालली आहे. त्यानंतर एकाही घराला कुलूप लागलेलं नाही.”

“त्याचा याच्याशी काय संबंध?”

“ते मला विचारू नकोस. मी तिकीट फाडत होतो. माणूस कशाला निघालाय, हे कधी विचारलं नाही.”

पराग हसला. बऱ्याच वेळानं हसला.

“आता तर घरोघरी गॅस आहे.”

“आहे. पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं. सात वाजता जायचं. मला दहा मिनिटं लागतात जायला, दहा यायला, आणि मध्ये पाऊण तास बसायला. कुणाची म्हैस आटलेली असते, कुणाच्या लेकीचं पत्र आलेलं असतं. ऐकल्याशिवाय निखारा हातात पडत नाही. उद्या हौसाबाईची पाळी. ओढ्यापलीकडं शेवटचं घर. आणि माझी टाच अशी ठणकतेय, की पाय टेकवत नाही. पण सांगतो कुणाला.”

“वेळेचा केवढा अपव्यय,” पराग म्हणाला. वाईट बोलायचं म्हणून नाही म्हणाला. त्याला मनापासून तसंच वाटत होतं.

*

सकाळी उठलो तर धुनी पेटलेली.

मी डोळे चोळले. पराग शेजारी बसला होता. अंघोळ केलेला, केस नीट बसवलेले. लायटर खिशात ठेवत होता.

“तुमची टाच वाचवली,” तो म्हणाला. “चहा ठेवा आता. हौसाबाईंना उद्या भेटा.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. थंडीचे दिवस, टाचेत कळ, आणि म्हातारीचं घर ओढ्यापलीकडं. आयती धुनी पेटली. अंथरुणात आणखी थोडं लवंडलो.

बाबा झऱ्यावरून अंघोळ करून आले. धुनी पाहिली. परागकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी घाईनं अंथरूण गुंडाळायला लागलो.

“चहा ठेवू, बाबा?”

“थांब.”

ते दाराशी जाऊन बसले. तिथून खालची पायवाट दिसते. तिकडंच बघत राहिले.

“रागावलात?” परागनं विचारलं.

“नाही.”

“मग चहा का नको?”

“माणसं येतील, त्यांच्याबरोबर घेऊ.”

“कोण येणार आहे?”

पराग माझ्याकडं वळला. मी खांदे उडवले. खरंच मला ठाऊक नव्हतं. मी मठात आल्यापासून सतरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता, तर मला कसं ठाऊक असणार?

आठ वाजून गेले.

आधी महादू आला. गळ्यात टॉवेल, पायांत काही नाही. दारात बाबांना बसलेलं पाहिलं आणि तिथंच उभा राहिला. त्याच्यामागं त्याची बायको, पदर तोंडाला लावलेला. मग उंबरघळकरांच्या दोघी जावा. एकीच्या हाताला पीठ तसंच होतं. मग तरणी पोरं, मग म्हातारे. वाट माणसांनी भरून गेली.

सगळ्यांच्या मागं रामू सुतार. त्याच्या खांद्यावर दोन हिरवे बांबू.

बाबांना बघितल्याबरोबर त्यानं बांबू हळूच करवंदीच्या जाळीत सारले. पण मी पाहिले होते.

“ते कशाला रे?” मी विचारलं.

“न्हाई... म्हटलं, लागतील. पुन्हा खाली जायला नको.”

“बाबांसाठी?”

“बाबांसाठी न्हाई तर तुमच्यासाठी. कुणीतरी गेलंच असणार ना. विस्तव न्यायला कोन आलंच न्हाई.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हौसाबाई चूल पेटवून बसली असणार. सात वाजले, सव्वासात झाले. तिनं शेजारी हाक मारली, शेजारणीनं पुढं हाक मारली, आणि हां हां म्हणता चौदा घरांत झालं, की मठात काहीतरी वाईट झालं. मला लाज वाटली. खूप वाटली. टाच तर कुणाचीही दुखते.

“सगळे आले?” बाबांनी विचारलं.

“म्हातारी मागनं येतीया,” महादू म्हणाला. “ऐकंना. म्हनली, मी स्वतः बघनार.”

हौसाबाईचे गुडघे सहा वर्षांपूर्वीच गेले. सहा वर्षांत ती टेकडी चढली नव्हती. आम्ही सगळे वाटेकडं बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं वळणावर तिची काठी दिसली. मग ती दिसली. दर चार पावलांनी थांबत होती. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात, पदरानं धरलेलं, खापर.

पोरं धावली. तिनं कुणाला खापर दिलं नाही.

दारात आली. बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला न्याहाळलं.

“कोन ग्येलं?”

“कुणी नाही, आई,” बाबा म्हणाले. ऐंशीच्या पुढच्या बाईला ते आईच म्हणतात.

“मग इस्तू का न्हाई न्येला?”

म्हातारीची नजर पेटलेल्या धुनीवर गेली, तिथून नव्या माणसावर.

“हा कोन?”

“मी... मी पेटवली, आजी,” पराग म्हणाला. “यांची टाच दुखत होती. माझ्याजवळ लायटर होता.”

“तुज्याजवळ हाय म्हनून पेटवायची व्हय?” हौसाबाई म्हणाली. “आरं, मग आमाला निरोप तर धाडायचा. मी पहाटंपासनं चूल धरून बसलीया. म्हटलं, आज आपली पाळी. वाटीभर तूप काढून ठिवलं कंडक्टरसाठी. आला न्हाई, तवा माझ्या काळजाचं पानी झालं.”

ती मटकन ओसरीवर बसली. खापर मात्र नीट खाली ठेवलं.

पराग माणसं मोजत होता. लहानपणी चांदण्या मोजायचा तसा, ओठ हलवत.

“किती वाजले?” त्यानं मला विचारलं.

“साडेआठ.”

“दीड तास,” तो म्हणाला.

मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

“काय झालं?” मी विचारलं.

“गिरिधर दीड दिवस तसाच होता,” तो म्हणाला.

माणसं गप्प झाली. गिरिधर कोण हे गावातल्या कुणालाच माहीत नव्हतं, पण गप्प सगळे झाले.

“दर दोन दिवसांनी आमची पडद्यावर बैठक असायची. तो आला नाही, तेव्हा दार उघडलं. नाडी मोजणारी हातावरची पट्टी त्यानं काढून ठेवली होती, पुरळ आलं होतं म्हणून. बाकी यंत्रं चालू होती. त्याच्या खोलीतली हवा बरोबर. पाणी बरोबर. उष्णता बरोबर. माझ्या पडद्यावर सगळं हिरवं होतं, बाबा. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत कुणी दार वाजवलं असतं तर कदाचित...”

“शेजारची खोली कुणाची?” बाबांनी विचारलं.

“...”

“पराग.”

“माझी.”

हौसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिला मंगळ ठाऊक नाही, आराखडा ठाऊक नाही. पण एवढं तिला कळलं.

“मधे भिंत चार बोटांची,” पराग म्हणाला. “मी त्या दीड दिवसात दोनदा जेवलो. झोपलो. अहवाल लिहिला. त्याच्या दारात जायचं काही कारणच नव्हतं. माझ्याकडं सगळं होतं. त्याच्याकडंही सगळं होतं. सगळं मीच दिलं होतं.”

तो रडायला लागला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबून. उंबरघळकरांची धाकटी जाऊ पिठाच्या हातानं पुढं झाली, आणि काय करावं न कळून तशीच उभी राहिली.

बाबा उठले. तांब्या घेतला.

सकाळी, भर उजेडात, पेटत्या धुनीवर त्यांनी पाणी ओतलं. चर्र झालं. माणसं दोन पावलं मागं सरली. सकाळी विझवलेली आम्ही कुणीच कधी पाहिली नव्हती.

बाबांनी ओली राख हातानं बाजूला सारली. कोरड्या गोवऱ्या रचल्या. हौसाबाईचं खापर उचललं आणि परागच्या पुढ्यात ठेवलं.

“फुंकर घाल.”

खापरात नुसती राख दिसत होती. परागनं ती बोटानं उकरली. खाली दोन निखारे होते. एक विझायला आलेला, एक बरा. त्यानं फुंकर घातली. राख डोळ्यांत गेली, खोकला आला, पुन्हा फुंकली.

“हळू,” हौसाबाई म्हणाली. “जोरात न्हाई. ल्येकराच्या डोळ्यात फुकावं तसं.”

त्यानं हळू फुंकली. निखारा लाल झाला. चिमट्यानं तो धुनीत ठेवला, त्यावर गोवरीचा तुकडा. जरा वेळ नुसता धूर. मग पेटलं.

मग मी चहा ठेवला. पातेलं पुरेना, दोनदा करावा लागला. साखर संपली, तर महादूचा पोरगा खाली पळाला. माणसं ओसरीवर बसली, आणि मेलं कुणी नाही म्हटल्यावर भराभर गप्पा सुरू झाल्या. कुणाची पाइपलाइन फुटली होती, कुणाचा जावई आला होता. रामू सुतारानं बांबू मठालाच देऊन टाकले, मांडवाला होतील म्हणाला. हौसाबाई परागच्या शेजारी बसून त्याला आपल्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगत होती. आधी डावा गेला, मग उजवा. पाऊण तास लागला. त्यानं मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

*

माणसं खाली गेली. हौसाबाईला पोरांनी खुर्चीत बसवून नेलं, आणि जाताना ती पोरांना शिव्या देत होती.

परागनं कागदाची गुंडाळी केली. लायटर काढून बाबांच्या पायांशी ठेवला.

“हा राहू दे इथं.”

“मठात चालत नाही,” बाबा म्हणाले. “ने.”

त्यानं तो खिशात टाकला. जायला उठला, पण पाय निघेना.

“आराखडा बदलायला हवा,” तो म्हणाला. “पण काय बदलू? तिथं एक वस्तू कमी पाठवली तर माणूस मरतो, बाबा. आणि सगळं पाठवलं...” त्यानं वाक्य सोडून दिलं. “परवा समितीला काय सांगू? होईल की नाही वस्ती?”

बाबा धुनीपाशी बसून राहिलेले शेंगदाणे भाजत होते. चिमट्यानं परतत होते.

“गिरिधरची आई कुठं राहते म्हणालास?”

“चिपळूणला.”

“समिती परवा ना?”

“हो.”

“म्हणजे उद्याचा दिवस आहे. घाट उतरलास की चिपळूण.”

टेकडीखाली कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, आणि ओ ऐकू आली.

“काय घेऊन जाऊ तिच्याकडं?” पराग म्हणाला. “तिला काही कमी...” आणि तिथंच अडखळला.

“काही नेऊ नकोस. मागायला जा.”

परागचा आवाज अगदी बारीक झाला.

“माफी?”

बाबांनी रिकामं खापर पुसलं, आणि हौसाबाईला परत नेऊन द्यायला माझ्या हातात दिलं. टाचेचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

“ती नंतर,” ते परागला म्हणाले. “आधी प्यायला पाणी माग.”